अमरकंदाचं दूध
भेंडी चिरताना विळीला चिकट तार सुटली की अजून माझा हात नाकाकडे जातो. संस्थान होतं तेव्हा राजगडाखालच्या पाली गावात मी नवी सून होते. वर्ष उलटलं तरी कूस उजवेना. माळावर अमरकंदाचे दांडे पानांआधीच फुलांनी डवरले, तसे सासूबाईंनी खणून त्याचे कंद आणले, ठेचून दुधात शिजवले. शेंबडासारखं लिबलिबीत, वर ओल्या मातीचा दर्प! "नाक दाब आन् गिळ, पोर व्हईल," त्या म्हणाल्या. गिळलं, आणि उंबऱ्यातच भडाभडा ओकले. त्यांचा चेहरा उजळला. "हिला दिस गेलं!" म्हणत आळीभर गूळ वाटून आल्या. आठवड्यातच मी बाहेर बसले, तशा त्या खुरपं घेऊन पुन्हा माळावर निघाल्या. बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला; घरात अजून त्याचं श्रेय त्या शेंबडालाच देतात.