सावंतकाकांच्या तक्त्यातले तीस चौकोन

मंडळी, आज सकाळचा हा अनुभव मुद्दाम इमारतीच्या फळ्यावर लावते आहे.

तळमजल्यावरच्या सावंतकाकांना दोन महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. महिन्यापूर्वी घरी सोडताना मिळालेलं कार्ड इंग्रजीत होतं, म्हणून काकूंना मराठी तक्ता मी करून दिला. रक्तदाबाची गोळी रोज एक, आणि खुणेसाठी तीस चौकोन. महिन्याने डॉक्टरांना दाखवा, हे फक्त तोंडी सांगितलं.

आज ताक द्यायला गेले, तर तीसही चौकोनांत खुणा.

"काकू, पुढच्या गोळ्या?"

"संपलो ना गं कोर्स! एक दिवस चुकवूक नाय हां. आता नुसती मालिश."

"आणि डॉक्टर?"

"बऱ्या माणसाक डॉक्टर कित्याक?"

काका हसले. तेवढ्यात त्यांच्या उजव्या, चांगल्या हातातला कप निसटला. ते काहीतरी म्हणाले, पण शब्द कळेना.

"झोप नाय झाली त्यांची," काकू फरशी पुसत म्हणाल्या.

मी रिक्षा बोलावून दोघांना दवाखान्यात पाठवलं. दुपार झाली, दवाखान्यातून अजून निरोप नाही.

गोळी महिन्यानंतरही चालूच ठेवायची, हे कार्डावर होतं. तक्त्यावर नव्हतं. कागद नीटनेटका दिसावा, एवढंच मी पाहिलं का?

तुमच्या घरी कुणाची गोळी बरं वाटतंय म्हणून थांबली आहे? कार्ड घेऊन या, मी वाचून देईन. पण मी वाचलेलं डॉक्टरांकडून तपासून घ्या.