कर्नलच्या सभेतले अकरा सेकंद

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. तुम्हाला सांगतेय — आणि आत्तासुद्धा ती दुपार आठवली की अंगावर काटा येतो. आनंदाचा! विचित्र आहे ना? ज्या दुपारी माझ्या हातून सगळ्यात वाईट घडलं, ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात भारी दुपार होती.

मी नागपूरची. अमेरिकेत, पार्सिपनीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. कर्नल मला भेटले इंडियन ग्रोसरीच्या रांगेत. सत्तरीचा, ताठ कण्याचा परदेशी माणूस माझ्या हातातल्या भाकरवडीकडे बघून चक्क मराठीत म्हणाला, "ताई, शेवटचं पाकीट का?" तरुणपणी लष्करी प्रशिक्षणासाठी ते पुण्याजवळ राहिले होते. पुढे त्यांच्या देशात धर्माच्या नावाने राज्य करणारे आले. निदर्शकांवर गोळ्या झाडायचा हुकूम कर्नलनी मोडला, आणि देश सुटला. देशाचं नाव मी लिहीत नाही. तिथे अजून माणसं आहेत.

इथे ते आपल्या लोकांची संघटना चालवत होते. मागणी एकच — प्रजासत्ताक हवं, आणि राज्यकारभारात धर्म नको. आमच्या घरी संविधानाची उद्देशिका फ्रेम करून लावलेली. शाळेत जायच्या आधीपासून मला ती पाठ होती. मी मागे कशी राहणार? वेबसाइट, सभासदांची यादी, व्हिडिओ — सगळं अंगावर घेतलं. ऑफिसात दिवसभर कोड लिहायचे, पण जीव संघटनेच्या रविवारच्या बैठकीकडे लागलेला असायचा. सगळे मला ताई म्हणायचे. कर्नलसुद्धा.

मग ती सभा. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे तीन गट कर्नलनी एकत्र आणले होते. भाड्याच्या हॉलमध्ये एकत्र जाहीरनामा वाचायचा, आणि मी तो लाइव्ह दाखवायचा. त्यांच्या देशात लोक दारं लावून बघणार होते. नियम एकच होता — कॅमेरा मंचावरून हलवायचा नाही. समोर बसलेल्यांचे चेहरे दिसले तर तिकडच्या घरच्यांचं काही खरं नाही. मरियम नावाची नर्स दारातच थबकली होती. तिचा भाऊ अजून तिकडे होता. मी तिचा हात धरून म्हटलं, "मरियम, बिनधास्त बस. कॅमेऱ्यावर मी आहे ना."

मी आहे ना!

कर्नल वाचायला लागले. मला त्यांची भाषा कळत नाही — पण 'प्रजासत्ताक' हा शब्द एव्हाना ओळखीचा झाला होता. तो आला आणि अख्खा हॉल उठला. काय सांगू तुम्हाला! म्हातारे खुर्च्यांवर चढले. एकमेकांना शिव्या घालणारे दोन पुढारी गळ्यात पडून रडत होते. मीही रडत होते, हसत होते. वाटलं, अरे, हे दिसायला हवं! तिकडे एकटे बसलेत, त्यांना हे दिसायला नको?

आणि मी कॅमेरा वळवला.

अकरा सेकंद. मधोमध मरियम — दोन्ही हात वर, तोंडभर हसू. मी भानावर आले, कॅमेरा परत मंचाकडे केला. सगळे मंचाकडे बघत होते. कुणाच्या लक्षात आलं नाही. घरी जाऊन मी रेकॉर्डिंगमधून तेवढा तुकडा कापला. म्हणजे मला कळलं होतं. तेव्हाच कळलं होतं.

चौथ्या दिवशी मरियमच्या भावाला उचललं. "तुमची मुलगी सभेत नाचत होती," असं त्यांनी आईला सांगितलं. कर्नल माझ्याकडे आले. चहाही घेतला नाही. "ताई, कॅमेरा मंचावरच होता ना?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. कॅमेरा वळला होता हे तिकडून कुणी सांगणंही शक्य नव्हतं. आपण सभा पाहिली हे कबूल करणंच धोक्याचं. मग खबऱ्या शोधणं आलं. संशय गेला इद्रिसकाकांवर — शिवणकाम करणारे, गटातले सगळ्यात जुने. महिन्यापूर्वी बहिणीच्या मयतीला ते देशात जाऊन आले होते. तेवढं पुरलं.

मी खरं का बोलले नाही, याला व्हिसाचं कारण देता येईल मला. खोटं आहे ते. माझ्या व्हिसाला काही होणार नव्हतं. मला फक्त ताई राहायचं होतं.

भाऊ सात महिन्यांनी सुटला. त्याचा डावा हात आता नीट उचलत नाही. मरियमने तेव्हा पेढे मागवले, पहिला मला भरवला. मी खाल्ला. इद्रिसकाका तोवर गाव सोडून गेले होते.

पण सांगायचं ते हे नाही. संशय आला तेव्हाच इद्रिसकाकांचं नाव यादीतून काढायला कर्नलनी मला सांगितलं, आणि मी काढलं. त्यांना कुणी कळवलं नव्हतं. पुढच्या रविवारी ते नेहमीसारखे आले, बिस्किटांचा डबा घेऊन. दारात यादी घेऊन मीच बसले होते.

"ताई, माझं नाव राहून गेलं वाटतं," ते हसून म्हणाले. "बघ ना परत."

मी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत बोट फिरवलं. सावकाश. शोधत असल्यासारखं.

"नाहीये, काका," मी म्हटलं.