दीक्षाचं गॅरेज आणि रफिक उस्ताद

परवा चामोर्शीला गेलो होतो. एक गॅरेज बंद पडू नये म्हणून... म्हणजे निघताना तरी तशी आशा होती.

गॅरेज दीक्षाचं. आमच्या संस्थेत मुलामुलींना टू-व्हीलर रिपेअरिंग शिकवतात. आधी चंद्रपूरच्या सेंटरवर शिकायचं, मग एखाद्या मुरलेल्या मिस्त्रीच्या हाताखाली काम करायचं आणि तिसऱ्या टप्प्यात स्वतःचं दुकान टाकायचं. दुकान पायावर उभं राहीपर्यंत सोबतीला एक मेंटॉर मिळतो, तो मी. नाव भारी आहे, काम म्हणजे फोन करणं आणि धीर देणं.

पहिले दोन टप्पे दीक्षानं दणक्यात पार केले. दुसऱ्यात ती घुग्घुसला रफिक उस्तादांकडे होती. तिथे गिऱ्हाइकांना तोटा नाही... खाणीतल्या शिफ्टवाल्यांच्या बाइक, कोळशाच्या धुळीनं एअर फिल्टर गच्च. शेवटी शेवटी तर उस्ताद स्टुलावर बसून चहा प्यायचे आणि इंजिन दीक्षा उघडायची.

मग तिथेच दुकान का नाही टाकलं? मीही तिला हेच विचारलं होतं. पण या लोकांत एक रीत आहे, उस्तादाच्या रस्त्यावर शागिर्द दुकान टाकत नाही, आणि घुग्घुसला धंद्याचा रस्ता म्हणजे तोच. खुद्द रफिक उस्तादही याच रीतीपायी आपलं गाव सोडून घुग्घुसला आलेले.

दीक्षा घरी चामोर्शीला परतली. बसस्टँडजवळ गाळा घेतला, बोर्ड लावला, आत बाबासाहेबांचा फोटो. उद्घाटनाला आम्ही टाळ्या वाजवल्या, फोटो टाकले... तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लाइकही केलं होतं.

त्यानंतर लोक यायचे ते हवा भरायला. पंक्चरपर्यंत ठीक चालायचं. इंजिनचं काम असलं की आत डोकावून विचारायचे, मिस्त्री कुठी हाय? मीच, असं ती म्हणाली की बरं, येतो मंग... आणि गाडी ढकलत पुढच्या गॅरेजवर.

घुग्घुसला तिला हे कधी कोणी विचारलं नव्हतं, कारण समोर उस्ताद बसलेले असायचे. इतक्या मीटिंगा झाल्या आमच्या, पण ही गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नाही. माझ्याही नाही.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, गाळा सोडते म्हणाली. मी उस्तादांना कळवलं. परवा ते स्वतःचं गॅरेज बंद ठेवून माझ्या गाडीवर मागे बसले.

बाजाराचा दिवस होता. उस्ताद दुकानासमोर स्टूल टाकून बसले. थोड्या वेळानं एक जण आला, हँडलला भाजीच्या पिशव्या लटकवलेल्या. दीक्षा हातात पाना घेऊन दारात उभी होती... तिला वळसा घालून तो सरळ उस्तादांकडे गेला. डबलसीट बसलं की गाडी दम सोडते, जरा पाहा म्हणाला.

उस्तादांची दाढी पांढरी झालीय. किती मिस्त्री त्यांच्या हाताखालून गेले, त्यांनाही आठवत नसेल. ते स्टुलावरून उठले आणि दीक्षाच्या मागे जाऊन उभे राहिले.

"मी इथी हेल्पर हाओ, भाऊ," ते म्हणाले. "मिस्त्री ते हाय. तिलेच सांगा."

आपल्या शागिर्दाचा हेल्पर म्हणवून घेणारा उस्ताद मी तरी आजवर पाहिला नव्हता. दीक्षाची मान खाली गेली होती.

माणूस गोंधळला, पण गाडी दिली. तिनं क्लच प्लेटा बदलल्या. उस्ताद शेजारी उकिडवे बसून ती मागेल तो पाना देत होते. ट्रायल मारून आला तेव्हा माणूस एकदम खूश होता... पण पुढल्या बाजारी भावाची गाडी घेऊन येतो, हे त्यानं उस्तादांनाच सांगितलं.

दीक्षा बराच वेळ हात पुसत राहिली.

"पुढल्या बाजारी तुमी नाई राहणार उस्ताद," ती म्हणाली.

"मंग तू चाल घुग्घुसले. माह्या समोरच टाक दुकान. मी सांगून राह्यलो ना तुले."

तिनं मान हलवली. "तसं नाई करत, उस्ताद. तुमीबी नाई केलं."

उस्तादांनी स्टूल उचलून आत ठेवलं. आम्ही तिघांनी मिळून सामान पोत्यात भरलं, बोर्ड उतरवला. तिला चंद्रपूरच्या एका शोरूममध्ये सर्व्हिसिंगचं काम मिळतंय. चांगलंच झालं की, असं मी तोंडदेखलं म्हणालो.

परतताना वाटेत मूल गावी चहाला थांबलो. उस्ताद म्हणाले, पोरीचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. मग चहा तसाच ठेवून उठले.

उस्ताद, तुम्ही ही पोस्ट वाचणार नाही, तरी आभार मानतो. तुमच्याजवळ होतं नव्हतं ते सगळं तिला दिलंत, परवा तर आपला मानही देऊन टाकलात... लोकांनी तो तिच्यापर्यंत पोचू दिला नाही.