घट्ट टाक्यांचं टोपरं

बाबा कळमन्याच्या धान्यबाजारात हमाली करायचे. कंबरेनं साथ सोडली तेव्हा डॉक्टरांनी ओझं उचलायचं बंद करायला सांगितलं. मग ते दिवसभर घरात बसू लागले आणि आई वैतागली. फोडणीत मोहरी किती टाकायची, हेसुद्धा ते तिला सांगायचे.

त्याच हिवाळ्यात ताई बाळंतपणाला आली. मुलगी झाली. नातीला पाहिल्यावर बाबांनी एकदम जाहीर केलं, की बाळंतविड्यातलं टोपरं विकत आणायचं नाही, ते स्वतः विणणार. ताई बाळाला घेऊन रामटेकला सासरी जाईल, तेव्हा लेकराच्या डोक्यावर आजोबाच्या हातचं काही असलं पाहिजे.

"तुमच्यानं सुई तरी धरली जाते का?" आई म्हणाली.

"काहून नाही? पोत्याची तोंडं कोणं शिवली मंग? ज्यानं दाभण धरलं, त्याले हे काय अवघड आहे!"

आईला क्रोशा येतो. तिनं आधी साखळी शिकवली, मग त्यावरचे उभे टाके. बाबा जीभ दाताखाली धरून विणायचे. मला ते बघून का कोण जाणे, धीर यायचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सरांचं इंग्रजी सुरू झालं की माझाही चेहरा बहुधा तसाच होत असेल.

पहिलं टोपरं तयार झालं. आईनं ते जमिनीवर ठेवलं, तर वाटीसारखं उभंच राहिलं. तिनं त्यावर बोटानं टकटक केलं.

"अवो, हे गव्हाचं पोतं नाही, लेकराचं डोकं आहे!"

ताई पोट धरून हसली. बाबा मात्र खजील झाले. पोतं शिवताना प्रत्येक टाक्याला सुतळी ओढून आवळावी लागते, नाहीतर दाणे गळतात. आयुष्यभर तेच केलेला हात लोकरही आवळायचा. "सैल, सैल," असं पुटपुटत त्यांनी दुसरं टोपरं सुरू केलं, तर ते आणखीच घट्ट होऊ लागलं.

ताईचा जायचा दिवस जवळ आला. आईनं गुपचूप विकतचं टोपरं आणून कपाटात ठेवलं. ते बाबांना दिसलं. त्या दिवशी त्यांचा चहा तसाच थंड झाला.

माझी परीक्षा तोंडावर होती, आणि मोठ्यानं वाचल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही. मी बाबांच्या शेजारी बसून राज्यशास्त्राच्या नोट्स वाचू लागले. थोड्या वेळानं पाहिलं, तर त्यांचे डोळे अर्धे मिटलेले आणि हात आपला चाललेला. मी विणकाम चाचपलं. आधीच्या ओळी कडक होत्या, पण आत्ताच्या मऊ. बोट सहज आत जात होतं.

मला खात्री नव्हती, म्हणून आईला दाखवलं.

"पाह्य बरं," ती म्हणाली, "तुह्या अभ्यासाचा कोणाले तं फायदा झाला!"

बाबांनी ते सगळं उसवलं आणि नव्यानं सुरुवात केली. मी वाचायची, ते पेंगत विणायचे. मी जरा रंगवून वाचलं की ते जागे व्हायचे आणि टाका आवळला जायचा.

"सरळ वाच वं माय. मजा नको आणू त्यात."

ताईच्या सासूबाई रामटेकहून न्यायला आल्या. आईनं ताईची ओटी भरली. बाबांनी पिवळं टोपरं बाळाला घातलं आणि आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. तिनं कपाळाला आठी घातली, मोठी जांभई दिली आणि झोपून गेली.

सासूबाईंनी टोपऱ्यावरून हात फिरवला. "किती मऊ आहे वो! कोणं विणलं, विहीणबाई?"

आई तोंड उघडणार, तोच बाबा म्हणाले, "म्या." आणि लगेच गाडी आली का ते बघायला बाहेर पळाले.

"मंग आमच्या धाकट्या सुनेच्या लेकरासाठी बी एक लागन!" सासूबाईंनी मागून सांगितलं.

ते पहिलं कडक टोपरं अजून स्वयंपाकघरात आहे. आई त्यात लसूण ठेवते. काल संध्याकाळी बाबा हिरवी लोकर घेऊन बसले आणि मला हाक मारली.

"आज वाचत नाही का वं?"

"परीक्षा संपली ना, बाबा."

"मंग पुढच्या वर्षाचं पुस्तक आण."