कारण सांगा, घेऊन जा

रेकॉर्ड हातात आली की ते ती दोन्ही तळव्यांत कडेनं धरायचे, खिडकीकडं तिरकी करायचे आणि एक डोळा मिटून बघायचे. मग म्हणायचे, "थांबा. आधी ऐकू." तोवर माझा भाव सांगून झालेला असायचा. तो तसाच लटकत ठेवून ते सबंध बाजू ऐकायचे. बोलून बोलून भाव पाडणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. गप्प बसून भाव पाडणारा हा एकच.

शिरूरच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेले मेकॅनिक. स्टँडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, एकीत ते आणि दुसरीत रेकॉर्डी. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. माझं दुकान दौंडला. सायकलवर पोतं टाकून भंगार गोळा करण्यापासून सुरुवात केली. आज स्वतःचं गोडाऊन आहे, दोन टेम्पो आहेत, आणि यात कुणाचा उपकार नाही. जुनं सामान घेतो, विकतो. गाण्यातलं मला काही कळत नाही, मालातलं कळतं. आप्पांचं आणि माझं भांडण होतं. ते गेल्या वर्षी गेले, त्यामुळं त्याचा निकाल कुणी लावणार नाही. निदान माझी बाजू तरी ऐका.

त्यांच्याकडं रविवारी सकाळी बैठक असायची. बैठक म्हणजे तीन माणसं. आप्पा, कासुर्डीचे एक गुरुजी आणि मांडवगण फराट्याचे एक डेअरीवाले. प्रत्येकानं एक रेकॉर्ड आणायची, एक बाजू लावायची आणि नंतर ती कशी ऐकावी ते एका वाक्यात सांगायचं. आप्पा ते वाक्य चिठ्ठीवर लिहून कव्हरात घालायचे. मी माल घेऊन जायचो आणि चहा होईपर्यंत थांबायचो, म्हणून हळूहळू चौथा झालो.

"ही जेवल्यावर लावू नये, झोप लागती आन् दुसऱ्या बाजूचा अपमान होतो." हे आप्पांचं.

"ही पाव्हणे गेल्यावर लावावी." हे डेअरीवाल्यांचं.

गुरुजींचं वाक्य संपायचं नाही. त्यात रागाचं नाव यायचं, मग घराण्याचं, मग गुरुजींच्या कॉलेजातल्या दिवसांचं. आप्पा पेन उचलून धरायचे आणि म्हणायचे, "गुरुजी, फुलस्टॉप."

एकदा मलाही विचारलं. मी म्हणालो, "माल चांगल्या कंडिशनमध्ये आहे." तिघंही हसले. आप्पांनी तेही चिठ्ठीवर लिहिलं आणि कव्हरात घातलं. हसायचं आणि वर लिहूनही ठेवायचं, हा प्रकार मला आवडला नाही.

आता त्यांच्या खऱ्या खोडीकडं येतो. ते रेकॉर्ड विकत घ्यायचे, पण विकायचे नाहीत. कुणी मागितली तर म्हणायचे, "इकायची न्हाई. कारण सांगा, घेऊन जा." कारण पटलं तर फुकट. नाही पटलं तर चहा.

पुण्याहून एकजण मोटार घेऊन आले होते. पहिली आवृत्ती, लेबलचा रंग, किती छापल्या, सगळं तोंडपाठ. आप्पांनी कौतुकानं ऐकलं आणि चहा दिला. गुरुजींनी एका रेकॉर्डीसाठी अर्धा तास कारण सांगितलं. आप्पा म्हणाले, "समदं बराबर हाय. पर ह्यात तुमी कुठं हाय?" गुरुजींनी पुढचे दोन रविवार दांडी मारली. डेअरीवाले मात्र एका अंगाईच्या रेकॉर्डीकडं बोट दाखवून म्हणाले, "आप्पा, आमची एक म्हैस हिच्यावरच पान्हा सोडती." आप्पांनी विचारलं, "आन् हे तुमाला कसं कळलं?" ते म्हणाले, "आई गेली तवापास्नं मीच लावतो गोठ्यात. आई गायची तिला." आप्पांनी रेकॉर्ड कव्हरात घातली आणि हातात दिली. मी मनात म्हटलं, असा धंदा माझ्याच्यानं झाला नसता.

भांडगावला हायवेवरचं एक जुनं हॉटेल मोडत होतं. तिथल्या पोतंभर रेकॉर्डी मी उचलल्या. कव्हरं उंदरांनी खाल्लेली. एकही न बघता मी ते पोतं सरसकट आप्पांना दिलं आणि वरून हमालीही घेतली.

पुढच्या रविवारी आप्पांनी त्यातलीच एक लहान रेकॉर्ड लावली. दौंडच्या एका लग्नाच्या बँडची. मी बशीत चहा ओतत होतो. ढोल सुरू झाला, ट्रम्पेट आली आणि मग क्लॅरोनेट. तिसऱ्या वळणावर क्लॅरोनेटवाला घाई करून बाकीच्यांच्या पुढं निघून गेला आणि मग त्यांच्यासाठी थांबला.

ती घाई मी ओळखत होतो. आमच्या घराच्या मागच्या पायरीवर बसून माझा बाप रोज सकाळी हीच चाल वाजवायचा आणि रोज त्याच जागी पळायचा. बँडवाल्यांची मुंबईत रेकॉर्ड निघाली होती, असं आई सांगायची. मी ती बापाची थाप समजत होतो.

बाजू संपली. आप्पा म्हणाले, "ही उभ्यानं ऐकावी. वाजवणारे बसलेले न्हाईत." आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

मी विचारलं, "ही कितीला देता?"

बोललो आणि चूक कळली. तीस वर्षांत मी हव्या असलेल्या वस्तूकडं कधी सरळ बघितलेलं नाही. आधी शेजारच्या वस्तूचा भाव विचारायचा, ती नाकारायची, निघायला चप्पल घालायची आणि मग दारातून म्हणायचं, "बरं, ते राहू द्या, हे कसं?" इथं मी बशी हातात धरूनच विचारलं.

"इकायची न्हाई," आप्पा म्हणाले. "कारण सांगा."

"पुण्याचं गिऱ्हाईक आहे."

"मग गिऱ्हाइकाला घिऊन या."

मी पैसे वाढवले. आणखी वाढवले. सबंध पोत्याला मिळाले होते त्याहून जास्त त्या एका रेकॉर्डीला सांगितले. गुरुजी माझ्याकडं आजारी माणसाकडं बघावं तसं बघायला लागले. आप्पा म्हणाले, "शेठ, पैसं कारण नसतं. पैसं घाई असती."

मी उठलो. म्हणालो, माझाच माल मला नाकारता, पोतं मी आणून टाकलं, नाहीतर ही रेकॉर्ड प्लास्टिकमध्ये वितळली असती. आणखीही बोललो, ते लिहीत नाही. आप्पा शांतपणे म्हणाले, "वितळली असती, खरं हाय. पर हे कारण रेकॉर्डीचं झालं. तुमचं कुठं हाय?"

तुम्ही म्हणाल, एक वाक्य सांगायचं होतं, सांगून टाकायचं. पण ज्याला गरज आहे असं समोरच्याला कळलं, तो व्यवहारात संपला. मी आयुष्यभर हेच केलं. शिवाय ते वाक्य माझ्याजवळ तयारही नव्हतं. आठवीत असताना माझ्या वर्गातल्या मुलाच्या बहिणीची वरात होती. बाप लाल कोट घालून, खांद्यावर सोनेरी झुपके लावून पुढं वाजवत होता. मला बघून तो डोळ्यांनी हसला, कारण तोंड गुंतलेलं होतं. माझ्या मित्रानं विचारलं, "तुझ्या वळखीचा हाय का?" मी म्हणालो, "न्हाई." त्यानंतर घरातही तो वाजवायला लागला की मी बाहेर निघून जायचो. मी सोळा वर्षांचा असताना तो गेला. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मेकॅनिकला कशाला सांगू?

चार वर्षं मी बैठकीला जात राहिलो. गुरुजींना वाटायचं मला गोडी लागली. मी फक्त ती रेकॉर्ड जागेवर आहे का ते बघायचो. वर्षातून एक-दोनदा नवं कारण घेऊन जायचो. संग्रहालयाला हवी आहे. भाच्याच्या प्रोजेक्टला हवी आहे. आप्पा प्रत्येक वेळी म्हणायचे, "चहा घ्या."

मधल्या काळात प्लेअरचा आवाज वाढत चालला होता. गुरुजी एकदा म्हणाले, "आप्पा, जरा बारीक करा." आप्पा म्हणाले, "बारीकच हाय." खिडकीची काच थरथरत होती. इंजिनांच्या आवाजात पस्तीस वर्षं काढलेले कान, ते एकेक करून राजीनामा देत होते. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. चिठ्ठ्या लिहिणं चालूच ठेवलं. फक्त आम्ही बोलायला लागलो की आमच्या तोंडाकडं बघायचे. मग गुरुजींची बदली झाली, डेअरीवाल्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बैठक बंद पडली.

एका सकाळी मी शिरूरला एक कपाट पोचवून परत निघालो होतो. का कोण जाणे, टेम्पो स्टँडमागच्या गल्लीत घातला. आप्पा एकटेच बसले होते. रेकॉर्डींचे गठ्ठे सुतळीनं बांधलेले. म्हणाले, "लेक चिंचवडला न्हेतीय. तिथं जागा न्हाई. वाटून टाकतोय."

ती लहान रेकॉर्ड कुठल्या गठ्ठ्यात गेली ते दिसेना. मी दारातच उभा राहून म्हणालो, "आप्पा, ती बँडची. क्लॅरोनेट वाजवणारा माझा बाप आहे."

"काय?"

"माझा बाप आहे!"

"कुणाला ताप आलाय?"

समोरच्या ओट्यावर भांडी घासणारी बाई मान वर करून ओरडली, "आप्पा, बाप! त्यांचा बाप हाय म्हणत्यात!"

आप्पांनी मान डोलावली. म्हणाले, "बाप हाय, हे नातं झालं. कारण सांगा."

माझं डोकं फिरलं. चार वर्षं दाबून ठेवलेला आवाज सगळा एकदम बाहेर आला. "भर वरातीत तो माझ्याकडं बघून हसला आन् मी म्हणलं ह्याला वळखत न्हाई! घरात वाजवायला लागला की उठून जायचो! एकदाबी शेवटपर्यंत ऐकलं न्हाई!"

गल्लीतली भांडी थांबली. एक रिक्षावाला गाडी बंद करून बघत राहिला. दौंडात माझी पत काय आहे ते त्या गल्लीला ठाऊक नव्हतं, एवढंच बरं.

आप्पा उठले. एका गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि बरोबर तीच रेकॉर्ड काढली. प्लेअर अजून बांधायचा होता. "लावा," म्हणाले. मी आयुष्यात शेकडो प्लेअर विकले, सुई कधी ठेवली नव्हती. सुई घसरली, खर्र झालं, आप्पांना ऐकू आलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि स्पीकरच्या पेटीवर तळवा टेकवला, गाडीच्या बॉनेटवर टेकवावा तसा.

ढोल वाजत होता. त्यांची बोटं पेटीवर ठेका धरत होती. मी उभा राहून ऐकत होतो. बाप घाई करून पुढं गेला, बाकीच्यांसाठी थांबला, पुन्हा त्यांच्याबरोबर चालायला लागला. मग ढोल थांबला, ट्रम्पेट थांबली, एकटी क्लॅरोनेट राहिली.

आप्पांनी पेटीवरचा हात उचलला. "संपली," ते म्हणाले.

मी त्यांचा हात धरून परत पेटीवर ठेवला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "न्हाई आप्पा, त्यो वाजवतोय अजून."