एकोणीस वेळा मेलेला महिपती

कुरवंड्याचा महिपती आजवर एकोणीस वेळा मेला होता, आणि एकोणीसही वेळा त्याला घरामागच्या दगडावर गार पाण्यानं आंघोळ करावी लागली होती.

गावाच्या वरच्या अंगाला, नागफणीकडे जाताना, मोठं पठार लागतं. मुंबईच्या सिनेमावाल्यांना खऱ्या सरहद्दीपर्यंत जायचा कंटाळा आला, की ते याच पठारावर तोफा मांडतात. धुकं फुकट मिळतं, कडे तयारच असतात आणि मरायला लागणारी माणसं गावात सापडतात. ती गोळा करायचं काम महिपतीच्या पुतण्याकडे, कैलासकडे होतं. पावसाळ्यात भात, सुट्टीच्या दिवशी पॉइंटवर भाजलेली कणसं आणि मध्येच कधीतरी युद्ध, असं महिपतीचं वर्ष जायचं.

मरणात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बाकीचे जवान गोळी लागली की दोन्ही हात वर करून धाडकन पडायचे. महिपती आधी गोंधळायचा, मला कशाला मारलं असं विचारल्यासारखा इकडंतिकडं बघायचा, मग खाली बसायचा आणि सावकाश आडवा व्हायचा. एका सिनेमात तर तो सकाळी आपल्या बाजूनं पडला आणि जेवण झाल्यावर मिशी लावून शत्रूच्या बाजूनं.

पहिल्या वेळी लाल रंगानं भिजलेला शर्ट मिरवत तो घरी आला आणि आपण कसे मेलो ते बायकोला सांगू लागला. शालूबाईनं दार अडवलं. मेलेलं माणूस सरळ घरात येत नाही, एवढंच म्हणाली. मागं बादली भरून ठेवली, हातात कडुलिंबाचा पाला दिला. मयतीहून आल्यावर करतात तसं त्यानं पाला चावला, आंघोळ केली, मग आत गेला. वाटलं, एक दिवसाचा राग असेल. पण डिसेंबरच्या थंडीतही बादली भरलेली असायची, आणि पाणी तापवलेलं नसायचं.

वर तिनं अटही घातली होती. ज्या सिनेमात नवरा जिवंत घरी येईल, तो सिनेमा ती बघेल, तोवर एकही नाही. सगळ्या गावानं मोबाइलवर महिपतीची मरणं पुन्हापुन्हा पाहिली, पिंपरीला कंपनीत कामाला गेलेल्या गावच्या पोरांनी पाहिली, पण ज्या एका माणसानं पाहावीत असं त्याला वाटत होतं, ते माणूस चुलीपुढून उठत नव्हतं. एकदा तरी पडद्यावरून जिवंत घरी यायचं, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

या जानेवारीत पुण्याचा सुहास नावाचा दिग्दर्शक आला. पहिलाच सिनेमा, तोही युद्धाचा. युनिटसाठी त्यानं महिपतीची पडवी भाड्यानं घेतली आणि भिंतीवर, विळा टांगायच्या खुंटीशेजारी, एक मोठा कागद चिकटवला. कागदावर गोल वर्तुळ आणि त्याचे बारा भाग. जगातली प्रत्येक मोठी गोष्ट या एका वर्तुळात बसते, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायचा. चहा द्यायला गेलेला महिपती तर हक्काचा श्रोता होता. माणूस घरी सुखानं बसलेला असतो, त्याला हाक येते, तो आधी नको म्हणतो, मग गुरू भेटतो, माणूस उंबरठा ओलांडतो, संकटांत सापडतो, मरणाच्या दाढेत जाऊन येतो आणि आपल्या माणसांच्या उपयोगाचं काहीतरी घेऊन घरी परततो. प्रत्येक भागात सुहासनं युद्धातला एकेक प्रसंग लिहिला होता. फक्त ‘काय घेऊन परततो’ या शेवटच्या घरात आधी पदक लिहून खोडलं होतं, मग झेंडा लिहून खोडला होता, आणि आता तिथं प्रश्नचिन्ह होतं.

महिपतीनं तो कागद चार दिवस अभ्यासला. एकोणीस लढाया त्यानं जमिनीवर पडून पाहिल्या होत्या, त्यामुळं हा विषय त्याचा होता. जो जवान खिशातून बायकोचा फोटो काढतो तो दुपारच्या जेवणाआधी जातो, हे तो कुठल्याही पंडिताआधी सांगू शकला असता. पाचव्या दिवशी त्यानं विचारलं, “साहेब, या चाकावरनं परत किती जण येत्यात?”

“एकच. हीरो.”

“आन् बाकीचे?”

बाकीचे हीरोच्या वाटेत येतात, असं सुहास म्हणाला. आपण त्या वाटेत एकोणीस वेळा आडवे झालो आहोत, हे महिपतीनं नम्रपणे कानावर घातलं. सुहास इतका हसला की त्यानं तिथल्या तिथं महिपतीला म्हाताऱ्या सुभेदाराचं काम देऊन टाकलं. सुभेदार म्हणजे हीरोचा गुरू. त्याला नाव होतं, वाक्यं होती, तीन प्रसंग होते. महिपती अर्धा दिवस जमिनीवर नव्हता. संध्याकाळी कैलासकडून संवादांचे कागद वाचून घेतले तेव्हा कळलं, की आठव्या भागात सुभेदार मरतो.

तो तडक सुहासकडे गेला. सुहासनं समजावलं, गुरू मेल्याशिवाय हीरो मोठा होत नाही, चाकाचा नियमच आहे. महिपतीनं काम करायला साफ नकार दिला. त्यावर सुहासला भलताच आनंद झाला. नकार हा चाकातला तिसरा भाग आहे भाऊ, तुम्ही प्रवासाला निघालात, असं म्हणून त्यानं पाठ थोपटली. या चाकातून सुटायला जागाच ठेवलेली नाही, असं पुटपुटत महिपती घरात आला.

शालूबाई तांदूळ निवडत होती. त्यानं तिला सगळं चाक सांगितलं, रागानं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला की विसाव्या बादलीची तयारी ठेव. तिनं ताट बाजूला सारलं.

“धोंडिबा रजेवर यायचा हुता,” ती म्हणाली.

धोंडिबा तिचा भाऊ. आंदर मावळातल्या तिच्या माहेरचा, फौजेत गेलेला, परत न आलेला. तो गेला हे महिपतीला लग्नाआधीपासून माहीत होतं. कसा, ते त्यानं कधी विचारलं नव्हतं.

“आयनं भाकरतुकडा दिला हातात, पान्याचा तांब्या दिला. ववाळून टाक म्हनाली, मगच त्याला आत घे. मी दुपारपास्नं दारात हुबी. आला त्यो कागद. तुकडा माज्या हातातच ऱ्हायला.” तिनं त्याच्याकडे पाहिलं. “आन् तुमी हसत हसत मरून येता. त्ये मरान अंगावरनं धुतल्याबिगर मी तुमाला आत कशी घेऊ? मला भ्या वाटतं.”

वीस वर्षं महिपतीला वाटत होतं की बायको खोडसाळ आहे. त्याला फार लाज वाटली, आणि ती लाज घेऊनच दुसऱ्या दिवशी तो सुभेदाराचे कपडे चढवून पठारावर गेला.

प्रसंग साधा होता. सुभेदार पडतो, हीरो त्याचे डोळे मिटतो, त्याची शिट्टी घेतो आणि पुढं जातो. महिपती नेहमीसारखा गोंधळला, बसला, आडवा झाला. हीरोनं डोळे मिटले. महिपतीनं उघडले. हीरोनं पुन्हा मिटले. पुन्हा उघडले.

“पोरा, मी आज मरत न्हाई,” सुभेदार स्वच्छ आवाजात म्हणाला. “मला घरी न्हे.”

सकाळपासून सुहासनं चार वेळा संवाद बदलले होते, त्यामुळं हाही बदल आपल्यालाच कळवायचा राहिला असं हीरोला वाटलं. त्यानं महिपतीला खांद्यावर घेतलं. व्यायामशाळेतले दंड दिसायला छान होते, पण महिपती भाताच्या पोत्याएवढा जड. वीस पावलांत हीरोला खरा घाम फुटला, तो खरा धडपडला, त्याच्या तोंडून खरी शिवी गेली. कैलासनं कपाळाला हात लावला. आता गावातल्या कुणाला मरायला बोलावणार नाहीत, अशी त्याची खात्री झाली. सुहास मात्र कट म्हणायचं विसरला होता.

संध्याकाळी पडवीतल्या कागदावरचं प्रश्नचिन्ह खोडलं गेलं आणि तिथं ‘सुभेदार’ असं लिहिलं गेलं. हीरो माणूस घेऊन परततो, हे आपल्या डोक्यात पहिल्यापासून होतं, असं सुहास सगळ्यांना सांगत होता. महिपतीनं त्याला तसं सांगू दिलं.

परतण्याचा प्रसंग महिपतीच्याच दारात घ्यायचं ठरलं. सुभेदाराची बायको म्हणून पुण्याहून एक नटी येणार होती. माझ्या दारात माझा नवरा येणार आणि ओवाळणार दुसरी, हे चालायचं नाही, असं शालूबाईनं सुहासला ऐकवलं, आणि नटी आल्या गाडीनं परत गेली. सामानवाल्यांनी आणलेली भाकरीही तिनं नाकारली. पहाटे उठून स्वतः थापली.

कॅमेरा सुरू झाला. हीरोनं महिपतीला अंगणात उतरवलं. शालूबाईनं भाकरीचा तुकडा त्याच्यावरून ओवाळला आणि बाजूला टाकला. प्रसंग इथं संपत होता. तिनं दुसरा तुकडा मोडला, ओवाळला, टाकला. मग तिसरा. कोंबड्या धावत आल्या. हीरो उभा राहून राहून पाय बदलू लागला. सुहासनं कॅमेरावाल्याला चालू ठेव म्हणून बोट फिरवलं.

महिपती मनात मोजत होता. सातव्याला त्याच्या लक्षात आलं. एकोणिसावा तुकडा पडला तेव्हा तो पुढं सरकला.

“थांबा,” शालूबाई म्हणाली.

तिच्या हातात अजून एक तुकडा होता. तो तिनं महिपतीवरून ओवाळला नाही. त्याच्या शेजारी, जिथं कुणीच नव्हतं तिथं, एका तरण्या पोराच्या उंचीवरून तिनं तो सावकाश ओवाळला आणि टाकला. मग तांब्यातलं पाणी महिपतीच्या पायांवर घातलं आणि उरलेलं त्याच्या शेजारच्या मोकळ्या मातीवर.

“या आता आत,” ती म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली.