शेवंताबाईचे छत्तीस ठिपके

आमच्या पुरानी बस्तीतली शेवंताबाई माझ्यासारखीच दुसरीतून शाळा सोडून घरी बसलेली. पण तिच्या दारची ठिपक्यांची रांगोळी पाहायला सायकलवालेही थांबतात. यंदा साठीला टेकल्यावर बाई पहिल्यांदा मंडळाच्या रांगोळी स्पर्धेत उतरली. अट एकच होती, छत्तीसगडची रांगोळी म्हणून ठिपके छत्तीसच पाहिजेत.

साऱ्या बायांनी सहा-सहाच्या सहा ओळी मांडून चौकोन केले. आमच्या बाईनं खाली आठ ठिपके ठेवले, वर सात, मग सहा, असं करत शेंड्यावर एक. झाला डोंगर.

मंडळाची चेतना वही घेऊन आली. “आंटी, छत्तीस का तो चौकोन ही बनता है. नाव काटून राहिली मी तुमचं.”

“काहून? मोज ना पोट्टे, डोळे तर तरणे हायेत तुये.”

चेतना मोजायला लागली. चौतीस, पस्तीस, छत्तीस. तिनं पुन्हा मोजले. तरी छत्तीसच.

परीक्षक श्रावणी मॅडम कॉलेजात गणित शिकवतात. त्या धावत आल्या आणि नव्या साडीनिशी खाली फरशीवरच बसल्या. “अगं, एक हा आकडा सोडला तर छत्तीस हा पहिलाच आकडा, ज्याचा चौकोनही होतो आणि असा डोंगरही. पुढचा थेट बाराशे पंचवीस!”

चेतनानं खोडलेलं नाव पुन्हा लिहिलं. शेवंताबाई तोवर ठिपके जोडायला बसलीही होती. मान वर न करता म्हणाली, “हव? मग पुढच्या सालाले आंगण मोठं पाहा, मॅडम.”